पुरुष नसबंदी: पहिल्या विचारापासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत

नसबंदीचं ऑपरेशन वीसेक मिनिटांत होतं. त्यानंतर गर्भ राहणार नाही याची खात्री मिळायला मात्र निदान तीन महिने लागतात, आणि ती खात्री वीर्य तपासणीच्या रिपोर्टवरूनच मिळते. या पद्धतीबद्दलच्या बऱ्याचशा चुका आणि घरातले तंटे या मधल्या तीन महिन्यांत जन्माला येतात. म्हणून इथे ऑपरेशनपेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांना जास्त जागा दिली आहे.

आत नेमकं काय बदलतं

शुक्राणू वृषणांत तयार होतात, वृषणाला चिकटून असलेल्या अधिवृषणात पक्व होतात आणि तिथून शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून वर जातात. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा या दोन नळ्या असतात, प्रत्येकी साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर लांब. वृषणांच्या पिशवीच्या वरच्या भागात चिमटीत धरली तर ही नळी सुतळीसारखी कडक लागते. पुढे ती जांघेतून पोटात शिरते आणि मूत्राशयाच्या मागे पोचते. तिथे वीर्यकोशांचा आणि प्रोस्टेट ग्रंथीचा द्रव शुक्राणूंत मिसळतो आणि वीर्य तयार होतं.

नसबंदीत या दोन्ही नळ्या पिशवीच्या आतच कापून बंद करतात. बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं. वृषणांमधून येणारा भाग एकूण वीर्याच्या जेमतेम २ ते ५ टक्के असतो, त्यामुळे वीर्याचं प्रमाण, रंग, दाटपणा यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात जातं, शुक्रवाहिनीतून जात नाही. म्हणून दाढी-मिशा, आवाज, लैंगिक इच्छा, ताठरता, कामाची ताकद यांपैकी काहीच कमी होत नाही. वृषणांत शुक्राणू पुढेही तयार होत राहतात. वाट बंद असल्यामुळे ते तिथेच विरघळतात आणि शरीर ते शोषून घेतं.

'ऑपरेशन केलेला माणूस जड काम करू शकत नाही' हे अजूनही चाळीत, नाक्यावर, कारखान्याच्या गेटवर सर्रास ऐकायला मिळतं. यात स्नायू कापला जात नाही आणि ताकदीशी संबंध असलेली कोणतीही नस तोडली जात नाही. जखम भरेपर्यंतचा आठवडा सोडला तर गोदीतला माणूसही पूर्वीसारखंच ओझं उचलू शकतो. प्रोस्टेटचा कर्करोग किंवा हृदयविकार नसबंदीमुळे होतो असंही मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. नसबंदी फक्त गर्भ रोखते. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून तिचं कोणतंही संरक्षण नाही, तिथे कंडोमच लागतो.

इतके कमी पुरुष पुढे का येतात

मुंबईला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली याच शहरात संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, आणि देशाचा सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली आला. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी दबावाखाली. त्या जबरदस्तीची धास्ती नंतरच्या पिढ्यांपर्यंत झिरपली आणि कुटुंबनियोजनाचा भार जवळजवळ पूर्णपणे बायकांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, तर पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के होतं.

वैद्यकीय दृष्टीने हे उलटंच आहे. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते, भूलही मोठी लागते. पुरुषाचं काम त्वचेखाली, जागेपुरती भूल देऊन, टाका न घालता होतं. दोघांपैकी एकाने करायचं ठरलं असेल आणि पुरुषाच्या तब्येतीत अडचण नसेल, तर पुरुषाने पुढे होणं हाच कमी धोक्याचा मार्ग आहे. दोन बाळंतपणं आणि कदाचित एखादं सिझर सोसलेल्या बाईच्या पोटावर आणखी एक ऑपरेशन कशाला, हा प्रश्न नवऱ्याने स्वतःहून विचारायला हवा.

पायरी १: निर्णय

नसबंदी कायमची आहे असं धरूनच निर्णय घ्या. नळी पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त चालतं, खर्चिक असतं आणि नळी जोडली गेली तरी मूल होईलच असं नाही. नळीच्या आतली पोकळी मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढी असते, म्हणून जोडकाम इतकं नाजूक. नसबंदीनंतर जितकी वर्षं जातात तितकं यश घटतं. 'नंतर बघू, उघडता येतं' या भरवशावर कोणी करत असेल तर त्याने करू नये.

सरकारी निकष असे आहेत: पुरुष विवाहित असावा (घटस्फोटित किंवा विधुर असला तरी चालतो), वय ६० च्या आत असावं, दांपत्याला निदान एक मूल असावं आणि ते एक वर्षाच्या पुढचं असावं, दोघांपैकी कोणाचीही आधी नसबंदी झालेली नसावी (आधीची फसली असेल तर गोष्ट वेगळी), आणि निर्णय शुद्धीवर, समजून घेतलेला असावा. बायकोची सही कायद्याने आवश्यक नाही. तरीही तिच्याशी बोलल्याशिवाय करू नये. तीन महिने कंडोम दोघांनी मिळून सांभाळायचा असतो, आणि लपवून केलेली नसबंदी पुढे घरात फार मोठा अविश्वास आणते.

मूल अगदी लहान असताना, घरात ताणतणाव असताना, नोकरी सुटलेली असताना किंवा कोणी आग्रह करतंय म्हणून हा निर्णय घेऊ नका. मिळणारे पैसे हे तर कारण होऊच शकत नाही. मन शंभर टक्के तयार नसेल तर तात्पुरती साधनं आहेत: कॉपर-टी ३८० ए दहा वर्षांपर्यंत चालते, 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि 'छाया' या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि कंडोम आहेतच. ही साधनं वापरून वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही.

पायरी २: मुंबईत कुठे जायचं

सुरुवात घराजवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून किंवा दवाखान्यातून करावी. वस्तीत येणाऱ्या आरोग्य सेविकेला विचारलं तर आपल्या वॉर्डातले पुरुष कुठे पाठवले जातात ते ती सांगते. पुढे परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, भायखळ्याला राज्य सरकारचं जे. जे. आहे, आणि घाटकोपरचं राजावाडी, वांद्र्याचं भाभा यांसारखी उपनगरी रुग्णालयं आहेत. मोठ्या रुग्णालयात कुटुंबनियोजन विभाग किंवा सर्जरीची ओपीडी विचारा. नसबंदीचा वार आणि वेळ ठरलेली असू शकते, म्हणून सुट्टी टाकून थेट रांगेत उभं राहण्याआधी चौकशी करून जा. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. तेव्हा माहितीही सहज मिळते आणि शिबिरंही भरतात.

खासगीत जायचं असेल तर मूत्रविकारतज्ज्ञ किंवा सर्जन. त्यांना तीन प्रश्न विचारा. बिनटाक्याची पद्धत करता का? सांगितलेल्या खर्चात आधीच्या तपासण्या आणि तीन महिन्यांनंतरची वीर्य तपासणी धरली आहे का? रात्री सूज आली किंवा रक्त आलं तर फोन कोणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे टाळलं जातं तिथे करू नका.

पायरी ३: आधीची तपासणी आणि तयारी

डॉक्टर आधी वृषणांची पिशवी हाताने तपासतात आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या नीट हाताला लागतात का ते बघतात. हायड्रोसील म्हणजे अंडवृद्धी, हर्निया, फुगलेल्या शिरा, न उतरलेलं वृषण किंवा जांघेतलं जुनं ऑपरेशन असेल तर काम अवघड होतं आणि अनुभवी सर्जन लागतो. त्या जागी गजकर्ण, पुरळ, गळू किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबवतात. मुंबईच्या दमट हवेत जांघेतलं गजकर्ण फार आढळतं, आणि लाजेपोटी ते लपवलं जातं. लपवू नका. त्या त्वचेतूनच सुई आत जाणार असते.

हिमोग्लोबिन आणि लघवीतली साखर या नेहमीच्या तपासण्या होतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर तो आधी आटोक्यात आणावा लागतो, कारण जखम चिघळण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिन, कोणत्याही औषधाची ॲलर्जी, दात काढल्यावर बराच वेळ रक्त वाहिल्याचा अनुभव, हे सगळं न विचारता सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत असलं पाहिजे. मराठीतलं मागा आणि वाचून सही करा. त्यात नसबंदी कायमची असल्याचं, क्वचित फसू शकत असल्याचं आणि तीन महिन्यांनी तपासणीला यायचं असल्याचं लिहिलेलं असतं. सोबत आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि मुलांच्या जन्माचे दाखले न्या. मोबदल्याची रक्कम खात्यात जमा होते, त्यामुळे पासबुकावरचं नाव आधारशी जुळतंय का ते आधीच बघा.

आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी त्या भागातले केस कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने घाईत काढले तर बारीक जखमा होतात आणि त्यातून जंतू शिरतात. साबणाने स्वच्छ आंघोळ करा, हलका नाश्ता करा. उपाशीपोटी आलेल्या माणसाला टेबलावर घाम फुटून चक्कर येण्याची शक्यता वाढते. घट्ट बसणारी स्वच्छ चड्डी, लंगोट किंवा सपोर्टर आणि वर सैल पँट घाला. सोबत एक माणूस हवा. परतताना गर्दीच्या लोकलमध्ये चढू नका आणि स्वतः दुचाकी चालवू नका. रिक्षा किंवा टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवूनच घरून निघा.

पायरी ४: टेबलावर काय होतं

हल्ली बहुतेक ठिकाणी बिनटाक्याची पद्धत वापरतात. ती चीनमधले डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केली. जुन्या पद्धतीत सुरीने एक-दोन छेद देऊन टाके घालत. नव्या पद्धतीत त्वचेला एकच बारीक छिद्र पाडतात, त्यामुळे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग कमी होतो.

आधी लघवी करून यायला सांगतात. खोली फार थंड नसावी. थंडीने पिशवी आकसते आणि नळी पकडणं कठीण जातं. गार वाटत असेल तर एसी कमी करायला बिनधास्त सांगा. लिंग वरच्या बाजूला चिकटपट्टीने धरून ठेवतात, जागा कोमट जंतुनाशकाने पुसतात आणि निर्जंतुक कापड अंथरतात.

मग डॉक्टर तीन बोटांच्या पकडीने एका बाजूची नळी त्वचेखाली मध्यरेषेवर आणतात आणि तिथे २ टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. टोचताना चावल्यासारखं होतं, काही सेकंद आग होते, मग बधिरता येते. औषध चढायला थोडा वेळ द्यावा लागतो. घाई केली तर पुढे दुखतं. दुखत असेल तर 'दुखतंय' असं स्पष्ट म्हणा, औषध वाढवता येतं.

गोल तोंडाच्या चिमट्याने नळी त्वचेसकट पकडतात. टोकदार चिमट्याने त्वचेला छिद्र पाडून ते हलकेच ताणतात आणि त्यातून नळी बाहेर काढतात. याच वेळी ओटीपोटात ओढल्यासारखं, कसंसंच वाटतं. ते अपेक्षित असतं आणि क्षणात जातं. नळीभोवतीचं आवरण आणि रक्तवाहिनी बाजूला सारून दोन ठिकाणी धाग्याने बांधतात आणि मधला साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकतात. चांगला सर्जन इथे आणखी एक काम करतो: दोन टोकांपैकी एका टोकावर आवरण ओढून घेतो, म्हणजे दोन्ही टोकांमध्ये पडदा येतो. या पडद्यामुळे टोकं पुन्हा जुळण्याची शक्यता बरीच कमी होते. 'पडदा घालता का?' हा प्रश्न आधीच विचारून ठेवण्यासारखा आहे.

त्याच छिद्रातून दुसऱ्या बाजूची नळी काढतात आणि तसंच करतात. छिद्र मिनिटभर दाबून धरलं की रक्त थांबतं. वर गॉझ आणि पट्टी. टाका नाही. अर्धा तास पडून राहायचं, रक्तदाब बघतात, जखम बघतात आणि घरी सोडतात.

पायरी ५: पहिले दोन दिवस आणि पहिला आठवडा

पहिले ४८ तास विश्रांती. इथे केलेली हयगय सगळ्यात महाग पडते. आतल्या बारीक रक्तवाहिन्या अजून नीट बंद झालेल्या नसतात आणि पिशवीतली जागा सैल असते, त्यामुळे थोडा रक्तस्राव झाला तरी तो दाबला न जाता पसरत जातो. माणसाला काहीच दुखत नसतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पाण्याचे हंडे उचलतो, चार मजले चढ-उतार करतो, आणि रात्री पिशवी लिंबाएवढी टणक होऊन बसते.

घट्ट चड्डी किंवा लंगोट दिवसरात्र ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, थोड्या वेळाने पुन्हा. बर्फ थेट त्वचेवर नको. आंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते, पण पट्टी ओली होऊ देऊ नका. घामाने ओली झाली तर बदला. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल पुरते. स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त वाहायला मदत होते.

बसून करायचं काम दोन दिवसांनंतर सुरू करता येतं. ओझी उचलणं, सायकल, बाइक, व्यायामशाळा, क्रिकेट निदान आठवडाभर बंद. डिलिव्हरीचं काम करणारे, हमाल, माथाडी यांनी आठवड्याची रोजी बुडणार हे धरूनच दिवस निवडावा. सकाळच्या गर्दीत विरार किंवा कर्जत लोकल पकडणाऱ्यांनीही तो आठवडा टाळावा, नाहीतर उलट्या वेळेची गाडी घ्यावी. दरवाज्यातला एक कोपर किंवा गुडघा पुरेसा असतो. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत नसबंदीसाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं.

थोडी सूज, जांभळट डाग, ओढल्यासारखी ठसठस हे सगळं आठ-दहा दिवसांत ओसरतं. पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठा: १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, तासागणिक वाढणारी सूज, पट्टी भिजवणारं रक्त, पू किंवा दुर्गंधी, गोळी घेऊनही न थांबणारं दुखणं, लघवी अडणं.

पायरी ६: तीन महिने कंडोम

दुखत नसेल तर आठवडाभराने संबंध ठेवता येतात. पहिल्या एक-दोन वेळा वीर्यात किंचित लालसर किंवा तपकिरी छटा दिसू शकते, त्यात धोका नाही.

पण कंडोम लागतोच, प्रत्येक वेळी. कापलेल्या जागेच्या पुढे, म्हणजे मूत्राशयाच्या बाजूला, नळीत आणि वीर्यकोशांजवळ आधीचे शुक्राणू साठलेले असतात. नळी बंद झाली तरी हा साठा बाहेर पडायला वेळ लागतो. साधारण वीस वेळा वीर्यस्खलन व्हावं आणि तीन महिने जावेत, अशी दुहेरी अट मनात ठेवा. तीन महिन्यांत जेमतेम पाच-सहा वेळा स्खलन झालं असेल तर साठा शिल्लक असू शकतो. 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणून येणाऱ्या दांपत्यांपैकी पुष्कळांनी या काळातच कंडोम सोडलेला असतो. बायको दुसरं एखादं साधन आधीपासून वापरत असेल तर तेही रिपोर्ट येईपर्यंत चालू ठेवा.

पायरी ७: वीर्य तपासणी

सगळ्यात जास्त गळती इथे होते. जखम भरलेली असते, दुखत नसतं, पुन्हा सुट्टी काढून लॅबमध्ये वीर्य द्यायला जाणं लाजिरवाणं वाटतं, आणि माणूस जातच नाही. ऑपरेशनच्या दिवशीच तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि बायकोलाही सांगून ठेवा.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस स्खलन टाळा. हस्तमैथुनानेच, लॅबने दिलेल्या डबीत, पूर्ण नमुना घ्या. पहिला थेंब सांडला तर तसं सांगा. नेहमीच्या कंडोममध्ये गोळा केलेला नमुना चालत नाही, कारण त्यातल्या वंगणाने किंवा शुक्राणुनाशकाने शुक्राणू मरतात. साबण, तेल, थुंकी हेही नको. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, म्हणून घर नालासोपाऱ्याला आणि लॅब परळला असं करू नका. शक्य असेल तर लॅबमध्येच द्या. एका खोलीत सगळं कुटुंब राहत असेल तर तोच मार्ग सोयीचा पडतो. घरून नेणार असाल तर डबी शर्टाच्या आत शरीराच्या उबेत ठेवा, बर्फात ठेवू नका.

चिठ्ठीवर 'नसबंदीनंतरची तपासणी' असं लिहून घ्या. मूल होत नाही म्हणून केल्या जाणाऱ्या तपासणीपेक्षा इथे प्रश्न वेगळा असतो: शुक्राणू आहेत का, आणि असतील तर हलतायत का. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तर कंडोम थांबवता येतो. अगदी तुरळक आणि न हलणारे शुक्राणू दिसले तर डॉक्टर बहुधा पुन्हा तपासायला सांगतात, तोवर कंडोम चालूच. हलणारे शुक्राणू दिसले तर दर महिन्याला तपासणी, आणि सहा महिन्यांनंतरही ते दिसत राहिले तर नसबंदी फसली असं धरून ती पुन्हा करावी लागते.

नसबंदीचं प्रमाणपत्र सरकारी पद्धतीनुसार हा स्वच्छ रिपोर्ट आल्यावरच मिळतं, ऑपरेशनच्या दिवशी नाही. ते मागून घ्या आणि रिपोर्टसोबत रेशनकार्डाच्या फाइलीत जपून ठेवा.

काय बिघडू शकतं

रक्ताची गाठ आणि जंतुसंसर्ग यांचं प्रमाण साधारण शंभरात एक-दोन इतकं असतं. लहान गाठ विश्रांतीने विरते, वाढणारी गाठ मात्र उघडून साफ करावी लागते. कापलेल्या टोकातून शुक्राणू झिरपून वाटाण्याएवढी गाठ होऊ शकते. ती बहुधा त्रास देत नाही, पण हाताला लागली की माणूस कर्करोगाच्या भीतीने गाळण उडवून घेतो. दाखवून घ्या, शंका मिटते. काही पुरुषांना अधिवृषणात दाब साचून काही आठवडे जडपणा वाटतो. शंभरात एक-दोन जणांना महिनोन्‌महिने टिकणारं दुखणं राहू शकतं, ज्यावर उपचार घ्यावे लागतात. ही शक्यता लहान असली तरी खरी आहे, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक पुरुषाला ती माहीत असली पाहिजे.

फसण्याची कारणं ठरावीक आहेत. तीन महिने न पाळणं हे पहिलं. चुकून एकाच बाजूची नळी दोनदा बांधली जाणं हे दुसरं. ते सर्जनच्या हातून होतं आणि वीर्य तपासणीत लगेच उघडं पडतं. तिसरं म्हणजे टोकं आपसूक पुन्हा जुळणं. ते बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतं, पण क्वचित रिपोर्ट शून्य आल्यानंतरही होऊ शकतं. स्वच्छ रिपोर्टनंतर गर्भ राहण्याची शक्यता सुमारे दोन हजारांत एक मानतात.

पैसे आणि भरपाई

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत नसबंदी मोफत आहे. वर केंद्राच्या योजनेतून पुरुषाला १,१०० रुपये मिळतात, आणि राज्याची भर धरून महाराष्ट्रात ही रक्कम एकूण १,४५१ रुपये होते. ही बुडालेल्या रोजाची भरपाई आहे. रकमा शासन बदलत असतं, म्हणून नाव नोंदवतानाच चालू आकडा विचारून घ्या.

ऑपरेशनमुळे गुंतागुंत झाली, किंवा नसबंदी फसून गर्भ राहिला, तर कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजनेखाली दावा करता येतो. घटना घडल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज जावा लागतो, आणि त्यासाठी संमतीपत्राची प्रत, प्रमाणपत्र आणि रिपोर्ट लागतात. तपासणीला गेलेच नसाल तर दावा कमकुवत होतो.

नसबंदीनंतर कधीही बायकोची पाळी चुकली तर सगळ्यात आधी दोन कामं करा: तिची गर्भचाचणी आणि तुमची वीर्य तपासणी, दोन्ही त्याच आठवड्यात. नळी पुन्हा जुळल्याचं वीर्याच्या एका साध्या तपासणीत कळतं. तो रिपोर्ट हातात येण्याआधी तिच्यावर संशय घेऊ नका, आणि घरातल्या कोणालाही घेऊ देऊ नका. शुक्राणू दिसले तर त्याच दिवशी जिथे ऑपरेशन झालं तिथे दोघांनी मिळून जा. गर्भ ठेवायचा की नाही हे ती ठरवेल. गर्भनिरोधक साधन फसल्याने राहिलेला गर्भ पाडण्याची मुभा गर्भपाताचा कायदा देतो, आणि ते जितक्या लवकर होईल तितकं तिच्यासाठी सुरक्षित असतं.